नारपोलीला हवापालट

हवापालटासाठी लोक माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात. मी माझ्या बाबांना वडप्याहून उचलून नारपोलीला नेलं. भिवंडी ज्यांना माहीत आहे ते इथेच हसतील. तेव्हाही हसले होते. वडप्यातल्या शेजाऱ्याने तर भर रस्त्यात विचारलं होतं, "नारपोलीत कंचा समुद्र गावला रं तुला?" मला राग आला होता. माझ्याकडे आकडे होते आणि त्याच्याकडे नुसतं तोंड होतं, असं मला वाटत होतं.

हवा मोजणं ही माझी नोकरी. मी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे भिवंडीच्या पट्ट्याचा एक मोठा अभ्यास आला. या भागात आणखी किती माणसं मावतील, किती लूम म्हणजे यंत्रमाग, किती गोदामं, किती गाड्या. जमीन, पाणी आणि हवा आणखी किती भार सोसतील, ते मोजून सांगायचं होतं. पाणी मोजणारे वेगळे होते, कचरा मोजणारे वेगळे. हवा माझ्या वाट्याला आली. सात ठिकाणी सात यंत्रं बसवायची, वर्षभर मोजायचं, आणि शेवटी नकाशावर सात ठिपके द्यायचे. ज्या ठिकाणी आणखी भार चालेल तिथे हिरवा, जिथे चालणार नाही तिथे लाल.

यंत्र साधं असतं. कमरेएवढी पत्र्याची पेटी, वर छोटं छप्पर, छपराखाली उघडं तोंड आणि आत मोटार. मोटार हवा ओढते, ती हवा एका पांढऱ्या कागदातून जाते, आणि हवेत जे काही असेल ते कागदावर बसतं. कागदाचं वजन आधी करायचं, चोवीस तासांनी पुन्हा करायचं. जेवढं वाढलं तेवढी धूळ. कागदाला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायचा, कारण आपल्या बोटाचा घामसुद्धा तागडीवर दिसतो. या कामात मी फार काटेकोर आहे. घरी बायको म्हणते की हा माणूस मीठ घालतानासुद्धा वही शोधतो.

त्या सात ठिकाणांपैकी एक आमचं वडपे होतं. मी लहान होतो तेव्हा आमच्या घराच्या मागे भाताची खाचरं होती. आता तिन्ही बाजूंनी गोदामं आहेत, आणि चौथ्या बाजूला हायवे. कंटेनर मागे घेताना वाजते ती शिटी दिवसभर चालू असते. बाबांचा दम तिथे वाढत चालला होता. त्यांनी तीस वर्षं लूमवर काढली, त्यातली बरीचशी जॉबर म्हणून, म्हणजे बंद पडलेला लूम पुन्हा चालू करून देणारा माणूस. कापसाची रुई त्यांच्या छातीत तेव्हाच बसली होती. वर ही ट्रकची धूळ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध मी देतो, पण यांना धुळीपासून लांब ठेवा. पुढचं त्यावरच आहे."

बाबांचा दम मोजायची आमच्या घरात एक पद्धत होती. ते रोज सकाळी तथागतांच्या तसबिरीसमोर बसून त्रिशरण म्हणत. पूर्वी तीनही ओळी एका श्वासात व्हायच्या, आणि ते वर डोळा मिचकावून आमच्याकडे बघायचे, की बघा, अजून हाय दम. त्या वर्षी ते दुसऱ्या ओळीला थांबायला लागले. मी आतल्या खोलीत दाढी करता करता ऐकत असायचो आणि कुठे थांबतात ते मनात धरून ठेवायचो.

लांब ठेवा म्हणजे कुठे ठेवू? मी माझी वही उघडली. वडप्याचा कागद काळपट. दापोड्याचा त्याहून वाईट. खाडीजवळचा, बाजारातला, नाक्यावरचा, सगळे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. फक्त एक कागद पुन्हा पुन्हा फिक्या चहाच्या रंगाचा येत होता, आणि तो होता नारपोलीतल्या एका गच्चीवरचा.

पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नाही. नारपोली म्हणजे भिंतीला भिंत लागून लूमचे कारखाने, आणि त्यांच्या मधोमध माणसं. मी यंत्र तपासलं. हवा ओढण्याचा काटा बरोबर होता, चालल्याचे तास बरोबर होते, कागद फाटलेला नव्हता. प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "खाडीचा वारा मिळत असेल. उंचीही आहे." मला ते लगेच पटलं. एवढंच नव्हे, तर मी ते अहवालात व्यवस्थित लिहून काढलं. वारा कुठून येतो, दोन इमारतींमधून कसा वळतो, गच्ची त्याच्या वाटेत कशी येते. आज ते पान वाचलं तर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. इतकं छान लिहिलं होतं मी.

ती गच्ची एका भिशीची होती. भिशी म्हणजे आमच्याकडे लूम कामगारांची खानावळ. खाली स्वयंपाक, वर एक लांबलचक खोली, आणि तिच्या वर गच्ची. वरच्या खोलीत कामगार शिफ्टप्रमाणे झोपतात. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच चटईवर पडतो. भिशी चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. भय्ये लोक मौसी म्हणत. मावशी साठीची, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेने तिखट. बाबा लूमवर होते तेव्हा तिच्या सासूच्या हातचं जेवलेले. गच्चीच्या जिन्याखाली एक खोली रिकामी होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचे बाबा मेरे घर के आदमी आहेत. त्यात विचारायचं काय?"

असे बाबा नारपोलीला आले. मी आणि बायको वडप्यालाच राहिलो, मुलांच्या शाळेसाठी. मी दर मंगळवारी सकाळी जाऊन कोरा कागद लावायचो आणि बुधवारी सकाळी काढायचो, म्हणजे आठवड्यातून दोनदा बाबांची भेट ठरलेली. शिवाय रविवारी मुलांना घेऊन जायचो.

पहिले काही आठवडे बाबा खुशीत होते. जुने सोबती भेटायचे. लूमच्या आवाजात त्यांना गाढ झोप लागायची. "वडप्यात ती शिटी झोपू देत न्हाय," ते म्हणायचे. "इथं कसा एकसारखा आवाज हाय. आईनं थोपटल्यागत." मी शेजाऱ्याला मुद्दाम ऐकवलं की बाबांना मानवलंय म्हणून.

मग ते पहिल्या ओळीलाच थांबायला लागले.

मी बुधवारी सकाळी पोचायचो तेव्हा त्यांचं त्रिशरण चाललेलं असायचं. दारातच ऐकू यायचं. एक ओळ, मग शांतता, मग घशातली घरघर, मग पुढची ओळ. दोन-तीन आठवडे मी स्वतःला समजावलं की हवामान बदललंय. त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, हवा तर इथली सगळ्यात स्वच्छ, तेव्हा दोष दुसरीकडे असणार. मी बाबांच्या उशीखाली विडी शोधली. ट्रंक उघडून पाहिली. त्यांनी विडी सोडून पंधरा वर्षं झाली होती. ते खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते.

"काय हुडकतोस?"

"चोरून ओढताय तुम्ही. दुसरं कारणच नाही."

"न्हाय रं पोरा. तुझी शप्पत न्हाय."

"मग दम का वाढतो? इथली हवा मी मोजतो, बाबा. दर आठवड्याला मोजतो. अख्ख्या भिवंडीत अशी हवा नाही."

त्यांनी मी विस्कटलेली उशी सारखी केली. थोड्या वेळाने म्हणाले, "तू मोजतोस म्हंजे बरोबरच असंल." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. माझ्या कामाचा त्यांना फार अभिमान होता. जेवायला येणाऱ्या प्रत्येक कामगाराला वर बोट दाखवून सांगायचे, ती मशीन माझ्या पोराची हाय.

दरम्यान वर्ष भरलं आणि अहवाल गेला; यंत्रं मात्र पुढच्या अभ्यासासाठी चालूच ठेवली. नकाशावर सहा लाल ठिपके आणि नारपोलीचा एक हिरवा. साहेबांनी पाठ थोपटली. पावसाळा संपताच भिशीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे पडले आणि विटा आल्या. मी मावशीला विचारलं, तर म्हणाली सायझिंग येतंय. सुताला खळ लावायचा कारखाना, म्हणजे बॉयलर आला, आणि बॉयलर आला की धुराडं. बॉयलरमध्ये काय जाळतात ते या गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. गोदामांतून निघालेलं प्लास्टिक, चिंध्या, माल ठेवायचे फुटके लाकडी पॅलेट. मी साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, तुझाच तर ठिपका आहे. तिथे जागा शिल्लक आहे म्हणून तूच सांगितलंस." माझ्या डोळ्यांदेखत ते धुराडं दर मंगळवारी हातभर वाढत होतं. मी कागद लावून खाली उतरायचो आणि त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचो.

एका मंगळवारी मी यंत्र चालू करून निघालो आणि नाक्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की वही गच्चीवरच राहिली. परत फिरलो. वीस मिनिटं झाली असतील. जिन्याच्या मधल्या पायरीवर बाबा बसले होते. डोकं भिंतीला टेकलेलं, ओठ निळसर, खांदे वर-खाली होत होते. त्यांच्या हातात एक ओलं फडकं होतं. पाणी पायरीवर ठिबकत होतं.

"डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय ना?" मी ओरडलोच. "काय काम होतं वर?"

त्यांना बोलायला वेळ लागला. त्यांनी फडकं वर धरलं. "बांधायचं ऱ्हायलं हाय. तू जातोस तवा लगेच बांधतो. आज जरा... बसलो."

मला कळेना. "कशाला बांधता?"

"तुझ्या मशीनला."

मी ते फडकं हातात घेतलं. लूमवरचं कोरं ग्रे कापड, म्हणजे बिनरंगाचं पांढुरकं, दोन पदरी, चारही कोपऱ्यांना नाडी शिवलेली. भिवंडीत सगळ्यावर हेच कापड असतं. टीव्हीवर, मिक्सरवर, पाण्याच्या माठावर. आणि लूमच्या कारखान्यात मोटारीवर. उघड्या मोटारीत रुई जाते, रुईने मोटार तापते, तापली की जळते. म्हणून मोटार दिसली की कापड बांधायचं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. हे कापड मी त्या गच्चीच्या कठड्यावर वाळत पडलेलं कितीदा बघितलं होतं. माझ्या वाटेत यायचं म्हणून एकदा-दोनदा हाताने बाजूलाही सारलं होतं.

माझा आवाज ऐकून मावशी कमरेवर हात ठेवून खालच्या पायरीशी आली. तिला वाटलं मी बाबांना रागावतोय.

"त्यांना का बोलता? पहिल्यापासून मीच बांधायची. तुमची मशीन आली त्या दिवसापासून. पाहुण्याची चीज, मोठ्या ऑफिसची. तोंड उघडं टाकून तुम्ही निघून जाता, इथे किती कचरा उडतो मालूम आहे का तुम्हाला? मग माझे गुडघे गेले, तेव्हापासून बाबा बांधतात. तुम्ही यायच्या आधी काढून धुऊन टाकतो. मशीन साफ दिसली पाहिजे ना तुम्हाला."

"मना कोरडं कापड पटत न्हाय," बाबा मधेच म्हणाले. आता त्यांची धाप जरा ओसरली होती. "ओलं बांधलं म्हंजे रुई आत जात न्हाय. जॉबरचं काम हाय त्ये. मावशीला काय म्हाईत."

त्यांनी ते हसून सांगितलं. मावशीही हसली. त्या दोघांमध्ये मी ते ओलं फडकं धरून उभा होतो.

मी विचारलं, "धुता ते पाणी कसं असतं?"

"कसं म्हणजे? काळं," मावशी म्हणाली. "नालीत टाकते. दोनदा साबण लावावा लागतो."

वर्षभराची माझी नारपोली दर बुधवारी सकाळी त्या नालीत जात होती. आणि फडक्यातून गाळून जे उरलं, तेवढंच मी तागडीवर ठेवलं, त्यावर वाऱ्याची गोष्ट लिहिली, आणि त्या गोष्टीवर भरवसा ठेवून माझ्या बापाला इथे आणून झोपवलं. या गच्चीखाली. मी बाबांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्यांना खरं सांगितलं. की मशीन धूळ खाण्यासाठीच ठेवली होती. की तोंड बांधल्यामुळे आकडे खोटे आले. की इथली हवा चांगली नव्हती, कधीच नव्हती.

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता स्वतःच्या छातीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "मंग तुला सायेब बोलंल का?"

"नाही बोलणार."

"माज्यापाई तुझं माप चुकलं."

"तुमच्यामुळे नाही, बाबा."

त्या दिवशी यंत्र उघडंच चाललं. बुधवारी सकाळी मी छप्पर उचललं आणि बघतच राहिलो. कागदाचा पांढरा रंग कुठेही उरलेला नव्हता. दापोड्याचा नाही, नाक्यावरचा नाही, सातांत असा कागद मी बघितला नव्हता. बाबांनी खालून हाक मारली, "दाखव तरी." मी कागद चिमट्यात धरून खाली नेला. त्यांनी तो हातात घेतला आणि अंगठ्याने मधोमध पुसून बघितला. अंगठा उठला तिथे फिकट गोल राहिला. असं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी चिमटा खिशात ठेवला.

"आता बरोबर आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मंग झालं," ते म्हणाले आणि मावशीला ओरडून सांगितलं की पोराचं माप आता बरोबर आलंय.

मी तडक साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, फडक्यासकट. ते आधी पोट धरून हसले, मग दार लावून घेतलं. "हे बाहेर बोलू नकोस," ते म्हणाले. "अहवाल मंजूर झालाय. एका कागदावरून वर्षाची सरासरी बदलत नाही, आणि त्या कागदावर तर अंगठा उमटलाय. पुढच्या अभ्यासात बघू." मी वाद घातला, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्यांनी मला पाणी दिलं. हिरवा ठिपका जिथे होता तिथेच राहिला. तो अजून आहे.

बाबांना तिथून हलवायचं हे मी परत येतानाच ठरवलं होतं. पण कुठे? मी माझाच नकाशा बाईकच्या टाकीवर उघडून रस्त्याकडेला उभा होतो. वडपे लाल, दापोडे लाल, बाकीचे चार लाल. भिवंडीत माझं एकच हिरवं ठिकाण होतं, आणि तिथून तर बाबांना काढायचं होतं. बायकोचा भाऊ लांब शहापूरच्या आतल्या बाजूला राहतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी खोली रिकामी करून देतो. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बघू. त्यांना लूमच्या आवाजापासून लांब जायचं नव्हतं.

मधल्या मंगळवारी मी कागद लावायला गेलो. खरं तर आता मोजून काय होणार होतं, पण सवय. त्याच दिवशी मागचा बॉयलर पहिल्यांदा पेटवला होता. धुराड्यातून आधी पांढरं, मग पिवळट, मग दाट काळं येऊ लागलं. वारा नव्हताच. मी ज्या खाडीच्या वाऱ्यावर पानभर लिहिलं होतं तो त्या दिवशी कुठेच नव्हता. धूर गच्चीवर बसला आणि जिन्यातून खाली उतरायला लागला. मी डोळे पुसत खाली आलो तर बाबा दारात उभे. हातात ते फडकं, नुकतं भिजवून पिळलेलं.

"बाबा, मशीनला आता बांधायचं नाही. सांगितलंय ना."

"मशीनला न्हाय. इकडं ये."

त्यांनी मला खाटेवर बसवलं. दोन्ही हात वर करताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. ते फडकं त्यांनी माझ्या नाकातोंडावर लावलं आणि मागे नाड्या बांधल्या. जॉबरची गाठ, एका ओढीत सुटणारी. ओल्या कापसाचा आणि साबणाचा वास आला. मी कापडाच्या आतून म्हटलं, तुम्ही बांधा, तुमच्यासाठी दुसरं आणतो.

"मना सवय न्हाय," ते म्हणाले. "तीस वरसं मोटारींना बांधलं. आपल्या तोंडाला बांधायचं कवा सुचलंच न्हाय. तुला बाईकवर लांब जायचंय. उद्या येताना आण, धुऊन ठेवतो."

बुधवारी मी निघायच्या आधीच मावशीचा फोन आला. नुसती रडत होती. मी पोचलो तेव्हा कामगारांनी बाबांना चटईवर ठेवलं होतं. त्रिशरण म्हणायला बसले होते, मावशी म्हणाली, आणि पहिल्याच ओळीत थांबले. तिला वाटलं नेहमीसारखे थांबलेत.

वर यंत्र चालूच होतं. ते मी चारच्या सुमारास बंद केलं आणि कागद काढून पाकिटात घातला, हातानेच.

ते फडकं माझ्याकडे आहे. वडप्याला पोचून सोडलं तेव्हा आतली बाजू ओली पांढरी होती, आणि बाहेर, तोंडाच्या जागी, एक काळा गोल उमटला होता. बाबा त्याच हवेत रात्रभर राहिले होते. मी ते धुतलेलं नाही. तागडीवरही ठेवलेलं नाही.